नानांच्या झाडाला घातलेले पाणी

एका झाडाच्या बाबतीत घडलेला अपराध मी चार वर्षे लपवला, आणि तो ज्यांच्या माथी राहू दिला त्या शेजारच्या नानांइतका निरुपद्रवी माणूस साऱ्या पनवेलमध्ये नव्हता. मिठागरांच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेल्या या विधुर गृहस्थांनी मुंबईहून रबराचे एक झाड आणून कुंडीत लावले होते. त्याला ते 'हा' म्हणत. घरातली एकुलती एक खुर्ची माळ्यावर टाकून त्यांनी खिडकीजवळची जागा त्याला दिली होती. पाहुण्यांनी चटईवर बसावे. दर रविवारी अंघोळ उरकून ते त्याचे एकेक पान ओल्या फडक्याने पुसत आणि कुंडी थोडी फिरवून ठेवत. "एकाच अंगाने उजेड घेतला तर पोक येईल त्याला." एकदा मी विडी पेटवली तर म्हणाले, "अंगणात जा. तो खोकत नाही म्हणून काय झालं?" मातीत बोट खुपसून ती कोरडी लागल्याखेरीज पाणी घालायचे नाही, आणि तेही बाजारापलीकडच्या गोड्या विहिरीचे, कारण आमच्या परसातल्या विहिरीचे पाणी मचूळ. "माझा जन्म मिठात गेला, याचा नको," असे म्हणत ते कळशी खांद्यावर घेऊन निघत.

एका भाऊबीजेला ते आठ दिवस गव्हाणला बहिणीकडे गेले आणि झाड माझ्यावर सोपवून गेले. पहिल्या दिवशी मी गोडे पाणी आणले. दुसऱ्या दिवसापासून कंबर दुखते असे स्वतःला सांगून परसातलेच घातले. खरे तर तो निव्वळ आळस होता. मन खाई म्हणून रोज जरा जास्तच घाली. नाना परतले तेव्हा जमिनीवर पिवळ्या पानांचा सडा पडला होता. ती पाने एकेक वेचत ते म्हणाले, "मी गेलो ते लागलं हो त्याला. रुसला." मीही वाकून पाने वेचू लागलो. झाड पुढे वर्षभरात पुन्हा पानांनी भरले. पण त्यानंतर नाना गव्हाणला म्हणून कधी गेले नाहीत. बहीणच दर भाऊबीजेला येऊ लागली.

चौथ्या वर्षी भाऊबीजेच्या सकाळी मी नानांकडे बसलो असताना गव्हाणची कोळीण टोपली घेऊन दारात आली.

"नाना, तुमच्या बहिनीचं गुडघं धरलंत. तिला आता येववत नाय. तुमी चला. झाड काय पलून जानार हाय?"

"पळणार नाही गं. रुसेल."

"आन बहीन रुसली तं चालतंय?"

नाना कुंडीतल्या मातीत उगाच बोट खुपसू लागले. मला ते पाहवेना.

"नाना, झाड रुसलं नव्हतं," मी म्हणालो. "मी त्याला परसातलं मचूळ पाणी घातलं होतं. सात दिवस."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग झाडाकडे. रागाची मी वाट पाहत होतो. पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी जड उतरून गेले.

"म्हणजे हा माझ्यावर रागावला नव्हता?"

"नाही."

"चार वर्षं मी त्याची मनधरणी करतोय, वेड्यासारखा!" ते हसले आणि खुंटीवरचा कोट अंगात चढवू लागले. आज नाना नाहीत, पण कोटाच्या बाह्या शोधणारी त्यांची ती घाई मला अजून दिसते. उंबरठ्यावर थांबून ते म्हणाले, "दोन दिवस बघाल ना याच्याकडे?"

"बघेन," मी म्हणालो. "आणि नाना, तुमची चार वर्षं मनधरणीत नि ताईंची खेपा घालण्यात माझ्यामुळे गेली. माझं चुकलं. मला क्षमा करा."