पायथ्याचं पाणी

आजऱ्याकडच्या त्या गावात मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा शाळेच्या वरच्या अंगाला मातीचं धरण आहे हे बघून माझी झोपच उडाली. धरणाच्या पायथ्याशी सतत पाणी झिरपायचं. तिथं एक म्हातारा रोज सकाळी उकिडवा बसलेला असायचा. ते पाणी चहाच्या ग्लासात धरायचा, ग्लास उन्हाकडं करून एक डोळा मिटून बघायचा आणि गटागटा पिऊन टाकायचा. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा मात्र चिडूनच म्हणालो, "अहो, धरण गळतंय आणि तुम्ही पाणी काय पिताय?"

"मातीचं धरण गळणारच की, पावणं! नितळ गळतंय तवर भ्या न्हाय. गढूळ आलं की समजायचं, आतनं माती वाहाय लागली."

तेव्हापासून तो पाणी प्यायल्याशिवाय मी शाळेची घंटा देत नसे.

श्रावणातल्या एका सकाळी त्यानं ग्लास उन्हाकडं धरला. ओतला, पुन्हा भरला, पुन्हा धरला. मग न पिताच तो माझ्या हातात देत म्हणाला, "मास्तर, आज शाळा नगं. पोरं टेकावर न्या."

मी ग्लासात बघत बसलो नाही.