गंज लावलेली जीप

जुन्या काळाच्या आठवणी म्हणून खेळण्यातल्या गाड्या जमवणारा माणूस बहुधा चाळिशी ओलांडलेला, नोकरीला विटलेला आणि घरात कुणाला फारसा नको असलेला असतो. मी तिन्ही अटींत बसतो. रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकुनी करतो, आणि माझ्या काचेच्या कपाटात धातूच्या, तळहातावर मावणाऱ्या शंभरावर गाड्या आहेत. सगळ्या जुन्या घाटाच्या, गोल दिव्यांच्या, फुगीर बॉनेटच्या. बायको त्यांना 'तुमची भातुकली' म्हणते आणि पुसायला साफ नकार देते.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलं. मिरकरवाडा बंदराच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. गिऱ्हाईक म्हणजे मासळीचे टेम्पो. बर्फाचं खारट पाणी दिवसभर ठिबकायचं आणि टेम्पोचा तळ कुजून पापडासारखा व्हायचा. बाबा गंजलेला भाग कापायचे, नवा पत्रा जोडायचे, खळग्यांत लांबीची पुट्टी भरायचे, घासायचे, रंग मारायचे. वर्षभरात तोच टेम्पो पुन्हा दारात हजर. "खाऱ्या वाऱ्याशी भांडण आहे माझं," असं ते म्हणायचे. शाळेत असताना मला त्यांच्या हातांची लाज वाटायची, हेही सांगून टाकतो. नखांत कायम रंग असायचा.

आता शेड नाही. बाबा पडवीत बसून असतात. माझ्या गाड्यांकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि तेच माझ्या मनाला लागत होतं. त्यांनी एकदा तरी एखादी गाडी हातात घ्यावी, काही बोलावं, असं फार वाटायचं. गाडीच्या अंगाची पारख घरात दुसऱ्या कुणाला होती?

गेल्या वर्षी मी परदेशातून एक जीप मागवली. तिची खासियत म्हणजे तिचा गंज. माळावर वीस वर्षं बेवारस पडून राहिल्यासारखी दिसावी म्हणून कंपनीने मुद्दाम रंगवलेला. गाड्या जमवणाऱ्यांचा आमचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात पुण्याचे, मुंबईचे, एक चिपळूणचा. सगळे त्या जीपवर टपून होते. ग्रुपचा एकच कडक नियम, कंपनीच्या रंगाला नखही लावायचं नाही. मूळ रंग गेला की गाडी भंगारात जमा.

जीप आली त्या दिवशी ती टेबलावर ठेवून मी कचेरीत गेलो. संध्याकाळी परतलो तर बाबा पडवीत माझी वाट बघत होते. समोर वर्तमानपत्रावर जीप. गर्द हिरवी, आरशासारखी चकचकीत. गंजाचा ठिपकाही नाही. पॉलिश पेपरने घासून, प्रायमर मारून, दोन हात रंग दिला होता त्यांनी.

"गंजकी गाडी गळ्यात मारलीन तुझ्या दुकानदाराने," बाबा म्हणाले. "बघ आता."

इतके खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी हसायला हवं होतं. मी ओरडलो. "वाट लावलीत! कुणी सांगितलं होतं हात लावायला? गंज होता म्हणूनच तर घेतली होती!"

त्यांना काही उमजेना. "गंजच हवा होता तुला?"

"हो! होता तसा परत करून द्या."

शेडमधली मुजोर गिऱ्हाइकं त्यांच्याशी अशीच बोलायची. मी लहानपणी ती ऐकली होती, आणि तेव्हा मला त्या गिऱ्हाइकांचा राग यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी रंगांचे डबे काढले. आठ दिवस ते त्या जीपवर वाकून बसले होते. बायको म्हणाली, "थांबवा त्यांना. शोभतं का हे तुम्हाला?" मी थांबवलं नाही. मला जीप हवी होती, दुसरं काही कारण नाही.

नवव्या दिवशी त्यांनी ती माझ्या हातात दिली. कंपनीने गंज रांगोळीसारखा कुठेही शिंपडला होता. बाबांनी तो दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीत, जोडांच्या रेषेत लावला होता. "पाणी जिथे थांबतं, तिथून सुरू होतो," ते मला समजावून सांगायला लागले. मग म्हणाले, "उभ्या जन्मात मला कुणी गंज लावायचं काम सांगितलं नव्हतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

मी फोटो ग्रुपवर टाकला. कौतुकाचा पाऊस पडला. पुण्याच्या एका जुन्या जाणत्याने लिहिलं, "कंपनीचा इतका खरा गंज मी पाहिलेला नाही. हे कुणाकडून करून घेतलंत? हात कुणाचा?"

मी टाइप केलं, 'माझ्या वडिलांचा.' दोनदा वाचलं. मग माझी जीप ग्रुपमध्ये भंगार ठरलेली डोळ्यांसमोर आली. मी ते पुसलं आणि लिहिलं, 'कंपनीचाच आहे. मला नशिबाने चांगला नग मिळाला.'

जेवताना बाबांनी विचारलं, "काय म्हणाले रे तुझे लोक?"

"आवडली सगळ्यांना."

"कुणी केलंन, ते नाही विचारलंन कुणी?"

"नाही," मी म्हणालो.

बाबा हसले. "मग जमलंय. रंगवलेलं ओळखू आलं, की समजावं काम फसलं." त्यांनी आणखी थोडा भात मागून घेतला आणि त्यावर बांगड्याचं सार ओतलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.