मगदूम सरांचा न निघालेला दोष

मगदूम सरांची आणि माझी ओळख झाली ती भांडणातून. सांगलीच्या आमच्या महाविद्यालयात सर संगणक शिकवत. मुलांना मराठीतच प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून त्यांनी स्वतः कंपायलर बनवला होता, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला समजावून सांगणारा प्रोग्राम. मी रहिमतपूरचा, तोंडाळ. मी 'कि' हे अक्षर शोधायला सांगायचो आणि यंत्र दिसेल तो 'क' पुढं करायचं. "सर, तुमचा कंपायलर चुकतोय," म्हणालो. सरांनी मला वर्गाबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भर वर्गात हात जोडले. "गड्या, चूक तुजी न्हाई, माजी हाय." आपल्याला एक दिसणारं अक्षर यंत्र कधी दोन-तीन आकड्यांत साठवतं. एकेरी अवतरणचिन्हांत असं अक्षर घातलं की सरांचा कंपायलर पहिला आकडा ठेवी आणि उरलेले गुपचूप टाकून देई. इंग्रजी अक्षराला एकच आकडा पुरतो. त्या हिशेबानं पाया घातला गेला होता आणि वर सगळं घर बांधून झालं होतं.

तो दोष काढायला सरांनी निवृत्तीनंतरची सारी वर्षं घातली. इकडं दुरुस्ती केली की तिकडं तोच कंपायलर वापरणाऱ्या वडूजच्या शाळेतल्या मुलांचे जुने प्रोग्राम बंद पडत. मग सर एसटीनं वडूजला जात, मुलांची माफी मागत आणि होतं ते परत बसवून येत. असं किती वेळा झालं, देव जाणे!

माझे वडील मिरजेला दवाखान्यात होते तेव्हा सर रोज डबा घेऊन येत. सरांच्या घरी गेलं की त्यांच्या पत्नी सुमतीकाकू दिवस मावळायच्या आत मला जेवायला बसवत. जैनांच्या घरी तीच वेळ. सर ताटाशेजारी कागद पसरत. "आवं, आमटी निवली की," काकू करवादत. सरांना ऐकूच जात नसे.

गेल्या वर्षी काचबिंदूनं सरांची नजर नेली. कंपायलर त्यांनी माझ्या हवाली केला. मी हरलो. आडपडदा कशाला, साफ हरलो. सगळं मुळापासून नव्यानं लिहावं लागेल आणि तेवढी माझी कुवत नाही. सरांचा मात्र दर रविवारी फोन. "झालं का रं?" एका रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "झालं, सर."

सर फोनवर रडले. आठवड्यानं साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा घरी आला. एकही पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही.

या गौरवग्रंथाचं पान न् पान काकू सरांना वाचून दाखवणार आहेत. समितीनं बजावलंय, चार शब्द गोड लिहा. कुठून आणू? सर, दोष जागच्या जागी आहे. मी खोटं बोललो. पंच्याहत्तरीला तुम्हाला हे ऐकवतोय, मला लाज वाटते.

आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो असं सगळेच लिहितील. मी ते स्वार्थानं मागतो, कारण त्या कंपायलरची ओळ न् ओळ डोक्यात असलेलं दुसरं माणूस नाही. काकू, हे वाचून झालं की फोन त्यांच्या हातात द्या. त्यांनी शिव्या घातल्या तर मी सुटलो. पण फोन बाजूला ठेवून सर नुसतंच "पुढचा लेख वाच" म्हणाले, तर तेही मला कळवा.