डॉक्टरबाईंनी काहीच खराब केलं नव्हतं

आमच्या कोळीवाड्यातल्या नऊ बायकांच्या नावाने मी थुंकलोय.

ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांनी खुशाल द्या. पण आधी पूर्ण वाचा.

किहीमच्या डॉक्टरबाई परवा गेल्या.

काल आपल्या आगरदांड्याच्या जेटीवर कुणीतरी म्हणालं, "ती थुकीवाली बाय ना? फसवून गेली आपल्याला."

मी तिथेच उभा होतो.

मॅडम न्यूरोसायंटिस्ट होत्या. लॅबमध्ये उंदरांवर काम करण्यात आयुष्य गेलं. रिटायर होऊन किहीमला आईच्या वाडीत आल्या, पण रिसर्च सोडला नाही.

मी एकदा विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं शोधता काय?"

"धक्का सगळ्यांनाच बसतो रे. वादळात होडी अडकली की किनाऱ्यावरच्या सगळ्याच बायकांचा जीव वरखाली होतो. होडी लागल्यावर एकजण तासाभरात भाकऱ्या थापायला बसते, दुसरी आठ दिवस थरथरते. ती भित्री नसते. तिच्या शरीरातलं बटण लवकर बंद होत नाही, एवढंच. त्यातलं जीन्समधून किती येतं, ते बघायचंय."

मग म्हणाल्या, "माझी आई तशी होती. घरचे तिला नाटकी म्हणायचे."

मी तेव्हा सेकंड इयरला सरांशी भांडून कॉलेज सोडलेलं. मॅडमनी कामावर घेतलं. "तापट आहेस, पण बायका तुझ्याशी बोलतात."

काम सोपं. बाई उठली की चूळ भरायच्या आधी, चहाच्या आधी, नळीत थुंकी घ्यायची. नाव आणि वेळ लिहायची. स्ट्रेसचं हॉर्मोन त्यातूनच मोजतात, डीएनएपण त्यातूनच काढतात.

एके दिवशी "ती" पुण्याला जाणार होती. कायमची. खाडीपलीकडच्या दिघीहून, सकाळच्या एसटीने.

ती कोण, ते माझ्या दोस्तांना माहितीय. बाकीच्यांना कळायची गरज नाही.

पलीकडे जाणारी पहिली बोट पकडली तरच भेट होणार होती. आणि माझी नऊ घरं बाकी होती.

बोटीत मागे बसून नऊच्या नऊ नळ्या मीच भरल्या. तोंड कोरडं पडलं तेव्हा चिंच चोखली.

शेजारचे काका म्हणाले, "काय रं, कोल्याचा पोर आनि तुला बोट लागली?"

ती भेटली. दोन मिनिटं. "नीट राहा" म्हणाली आणि एसटीत चढली.

एवढ्यासाठी.

चार महिन्यांनी मॅडमनी मला किहीमला बोलावलं. ओटीवर बसवलं. समोर कागद ठेवला.

"या नऊ बायका म्हणजे एकच माणूस आहे. आणि तो पुरुष आहे."

मी माफी मागितली?

नाही. ओरडलो. "तुम्हाला काय कळणार प्रेम? तुमचं आयुष्य उंदरांत गेलं!" स्टूल लाथाडलं.

त्या बसून राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "झालं? पाणी पी."

मग, "बाकीच्या नळ्या खऱ्या आहेत?"

"आईशप्पथ खऱ्या आहेत, मॅडम."

"माझा विश्वास आहे. डीएनए तपासताही येईल. पण वेळा? त्या तू लिहिल्यास. त्या खऱ्या आहेत, असं मी आता कुठल्या तोंडाने छापू?"

कोळीवाड्याचे सगळेच नमुने बाद झाले. बायकांच्या दोन वर्षांच्या सकाळी वाया.

मग मॅडम स्वतः आल्या. देवळाच्या मंडपात बायकांना म्हणाल्या, "माझ्याकडून नमुने खराब झाले. चूक माझी आहे."

माझी आत्या उठली. "आमी काय रिकाम्या हाव? मावऱ्याची पाटी उचलायची सोडून तुमच्या नल्या भरल्या. मोठी शिकलेली म्हनं!"

बायका हसल्या.

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

मी मागे खुर्च्यांपाशी होतो. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

त्यानंतर मी किहीमला गेलोच नाही. त्यांचे दोन फोन आले. उचलले नाहीत.

आज सकाळी आत्याला सगळं सांगितलं. ती बोंबील वाळत घालत होती. वाटलं, मारेल.

ती खाली बसली.

"म्हंजे मी त्या बायला चार लोकांत उगाच बोलले?"

"व्हय."

"आनि तू बगत व्हतास?"

मी बोंबील दोरीवर टाकायला लागलो.

मग ती म्हणाली, "मला लिवता येत न्हाय. तू लिव. मोबाईलवर लिव, सगल्यांना दिसंल असं."

लिहिलं, आत्या.

कोळीवाड्यातल्या पोरांनो, लाइक नको. आपापल्या आईला, आजीला हे वाचून दाखवा. पूर्ण.

मॅडम, तुम्ही होतात तेव्हा मी मंडपात एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

'भावपूर्ण' लिहायचा हक्क मला नाही. आत्याची श्रद्धांजली तेवढी तुमच्यापर्यंत पोचवतोय.