उघडावा न लागणारा चाकू

तीन माणसं पंधरा-सोळा वर्षं दर रविवारी डोंगरात जायला लागली की किस्से इतके साठतात, की कोणता कुठे घडला हेही धड आठवत नाही. चाकूचे किस्से मात्र मला क्रमानं आठवतात.

आमचा ग्रुप तिघांचा. मी बँकेतून रिटायर्ड. माधव शाळेत भूगोल शिकवायचा. आणि सॅमसननं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेलं. तो बेने इस्राएली ज्यू; त्याचे निम्मे नातेवाईक इस्राएलला गेले, हा पनवेल सोडायला तयार नाही. विचारलं की म्हणतो, "तिकडे कर्नाळा आहे का?"

*

पहिला चाकू माधवनं ऑनलाइन मागवला. 'सर्व्हायव्हल नाइफ'! पोकळ मुठीत गळाची दोरी, सुई, काड्या आणि टोकाला होकायंत्र! प्रबळगडाच्या वाटेवर त्यानं वाळक्या फांदीवर पहिला घाव घातला आणि पातं सुटून झुडपात गेलं. माधवच्या हातात नुसती मूठ!

"असू दे," माधव म्हणाला, "दिशा तरी कळेल." त्यानं होकायंत्र बघितलं, तर उत्तर दिशा सॅमसनच्या पोटाकडे!

हसून हसून आम्ही खाली बसलो. नवा घेऊ या, असं मी म्हणालो. सॅमसन म्हणाला, "कशाला? माझ्याकडे वडिलांचा घडीचा चाकू आहे. तिघांना पुरेल."

आम्ही 'बरं' म्हणालो.

*

गणपती होऊन गेले होते. आपटा गावाजवळ पाताळगंगा नदी भरून वाहत होती. माधव गुडघाभर पाण्यात तोंड धुवायला उतरला आणि पाय घसरून पुढे गेला. तिथं एका झाडाच्या मुळीला नायलॉनचं जुनं जाळं अडकलेलं होतं. त्यात त्याचा पाय गुंतला. वरून पाण्याचा जोर. मी काखेत हात घालून त्याचं डोकं पाण्यावर धरायला बघत होतो, आणि सॅमसन शेजारी घडीचा चाकू उघडत होता.

पातं गंजून बसलं होतं. ओल्या नखांनी निघेना. सॅमसननं दातानं ओढलं. दात तुटला, पातं हललं नाही.

आम्ही ओरडत होतो. एक म्हातारा कोळी कोयता घेऊन धावत आला. त्यानं बुडी मारून एका फटक्यात जाळं तोडलं. तोवर माधव माझ्या हातात जड झाला होता.

*

नंतर कित्येक महिने आम्ही कुठेच गेलो नाही. मग एक दिवस सॅमसनचा फोन आला. "चाकू घ्यायचाय. चल."

बाजारातल्या दुकानदारानं विचारलं, "काका, कशासाठी हवाय? मटण? नारळ?"

"उघडावा लागणार नाही, असा हवाय."

दुकानदाराला वाटलं गंमत करतोय. त्यानं एक परदेशी चाकू काढला. किंमत ऐकून सॅमसननं तो परत ठेवला. "एवढा महाग चाकू माणूस जपत बसतो. आणि जपलेला चाकू ऐन वेळी घरी असतो."

शेवटी एक साधाच निवडला. चार बोटं पातं, न गंजणारं. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसलग. ओल्या हातात सरकणार नाही अशी खरखरीत मूठ. सॅमसननं म्यान उलटं करून दहादा झटकलं. चाकू पडला नाही. दुकानदार म्हणाला, "काका, लाइफटाइम गॅरंटी!"

सॅमसननं विचारलं, "कुणाच्या?"

*

मग मी एका सकाळी त्याच्या घरी गेलो, तर हा बाथरूममध्ये. लेंग्यावर पट्टा, पट्ट्याला म्यान, हात कोपरापर्यंत साबणानं माखलेले. चाकू बाहेर, चाकू आत. बाहेर, आत.

"रोज हेच, भावजी," त्याची बायको रूथ मला हळूच म्हणाली. "म्हटलं, शनिवारी, शब्बाथच्या दिवशी तरी नको. तर म्हणतात, पाण्याला वार कळत नाही."

*

चाकू घेऊन आम्ही आपट्याला त्या म्हाताऱ्याकडेही गेलो. त्यानं धारेवरून अंगठा फिरवला. "बेस हाय. स्वस्तात घावला."

सॅमसननं कितीतरी दिवस मनात धरलेलं विचारलं. "बाबा, त्या दिवशी हा असता तर?"

म्हाताऱ्यानं चाकू म्यानात घातला. मग म्हणाला, "मी जेवत व्हतो. तुमची हाक आयकली, पन मना वाटलं, कोन मस्ती करतंय." त्यानं चाकू सॅमसनला परत दिला. "हात धुवून आलो."



*

माधवचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या आठवड्यात नंदावहिनींनी, म्हणजे माधवच्या बायकोनं, आम्हा दोघांना चाकू घेऊन खांदा कॉलनीतल्या घरी बोलावलं. त्यांची मुलगी मुक्ता कॉलेजात आहे. 'मला काकांबरोबर डोंगरात जायचंय' म्हणून ती महिनाभर आईच्या मागे लागली होती आणि आई नाही म्हणत होती, एवढं आम्हाला कळलं होतं.

वहिनी समोर बसल्या. "भावजी, चाकू आणलाय ना? पट्ट्याला लावा."

सॅमसननं लावला.

"डोळे मिटा. काढा."

त्यानं काढला.

"पुन्हा."

त्यानं पुन्हा काढला. वहिनी उठल्या, स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या आणला आणि सॅमसनच्या हातांवर ओतला. सतरंजी भिजली. "आता."

सॅमसनच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण चाकू दर वेळी एका झटक्यात बाहेर येत होता. किती वेळा, ते मी मोजलं नाही. दारात मुक्ता उभी होती.

शेवटी वहिनींनी तांब्या खाली ठेवला.

"रविवारी सहाला हिला खाली पाठवते," त्या म्हणाल्या. "डबा तिघांचा देऊ ना?"