बहिणीला दिलेला डबा

साल २०१८. माझं वय छप्पन्न. नोकरीची दोन वर्षं उरली होती आणि वजन भरलं होतं ब्याण्णव किलो. अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी सहायक फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो तेव्हा सातवी पास होतो, निवृत्त झालो तेव्हाही सातवी पासच. पण माझ्या हातचा पंचनामा कोर्टात कधी फुटला नाही, हे मी कोणापुढेही छाती काढून सांगतो. चोऱ्या पाहिल्या, दंगे पाहिले, खुनाचे तपास केले. त्यातलं बरंच विसरलो. पावडरीचा एक प्लास्टिकचा डबा मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

त्या वर्षी जिल्ह्याला नवीन साहेब आले. परेडला ते माझ्यापुढे थांबले, पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सहा महिन्यांत दहा किलो कमी. नाहीतर बाहेरची ड्यूटी बंद, मुद्देमालाच्या खोलीत बसा." मागं दोन शिपाई हसले. चौतीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसानं जप्त सायकली आणि दारूच्या कॅन राखत बसायचं! मला ते फार लागलं.

अकोल्यात एका माणसानं वजन उतरवायचं दुकान टाकलं होतं. बोलायला गोड. मेथी, ओवा, त्रिफळा असं काय काय घातलेली पावडर, असं तो सांगायचा. सकाळी एक चमचा कोमट पाण्यात, संध्याकाळचं जेवण अर्धं आणि रोज तासभर चालणं. "तिन्ही केलं तरच गुण येईल साहेब," तो म्हणाला. मला हे पटलं. नुसती पावडर खा म्हणाला असता तर मी त्याला भामटा समजलो असतो.

मी तिन्ही इमानानं केलं. वजन करायला मात्र दवाखान्यात गेलो नाही. तिथं ओळखीचे लोक असतात. ठाण्याजवळ बाजार समिती आहे. तिथला मापारी माझ्या ओळखीचा. आयुष्य पोती तोलण्यात गेलेला माणूस. सकाळी लिलावाआधी मी त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभा राहायचो आणि तो आकडा खिशातल्या चिठ्ठीवर लिहायचा. पहिल्या आठवड्यातच चार किलो उतरले. मी ठाण्यात ताठ मानेनं फिरू लागलो.

एकच त्रास होता. दुपारपर्यंत सात-आठ वेळा लघवीला जावं लागे. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "चरबी वितळून तिकडूनच जाते साहेब." आणि मी, ज्यानं अट्टल चोरांचं खोटं नुसत्या आवाजावरून ओळखलं, त्यानं हे मानून घेतलं. माणसाला जे हवं असतं ते कोणी सांगितलं की तो उलटतपासणी घेत नाही.

माझी धाकटी बहीण बाळापूरच्या बाजूला दिलेली. त्यांचा भाजीचा मळा. तिचे गुडघे दुखायचे, डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं होतं. मी एक डबा घेतला आणि नेऊन तिच्या ओट्यावर ठेवला.

"दादा, याच्यात काही औषध तं नाही ना?"

"मी खाऊन राहिलो ना! चार किलो उतरलं. तुले काय होते?"

"तुही गोष्ट अलग हाय. तुले तं दगडबी पचते."

"जास्त बोलू नको. गुमान घे सकाळी एक चमचा. आन चालत जा."

मोठा भाऊ, त्यातून पोलीस. तिनं घ्यायला सुरुवात केली.

बारा-पंधरा दिवसांनी, ऑक्टोबरच्या उन्हात, वांगी तोडता तोडता ती बांधावर कोसळली. जावयांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन ठाण्यात आला. मी अकोल्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या छातीला वायरी लावल्या होत्या. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "रक्तातले क्षार फार खाली गेलेत. हृदयाचे ठोके चुकताहेत. कोणती गोळी चालू आहे?"

"गोळी कोणतीच नाही जी," जावई म्हणाले. "एक पावडर घेते फक्त, वजनाची."

"कुठून आणली? काय आहे त्यात? लघवीला जास्त जायच्या का?"

जावयांना ठाऊक नव्हतं. बायकोच्या असल्या गोष्टी गडी माणसाला कुठं माहीत असतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. डबा कोणी आणला ते, आणि माझ्या स्वतःच्या लघवीचा हिशेबही. तरी मी म्हणालो, "पावडर साधी आहे. मेथी-ओव्याची. त्यानं काही होत नाही. ऊन लागलं असंल."

डॉक्टरांनी ऊन असं लिहिलं नाही, पण त्यांना दुसरा धागाही मिळाला नाही. सलाइन लावून ते ठोक्यांवर लक्ष ठेवून राहिले. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, खरं सांगा, वेळेवर सांगा. माझी वेळ आली तेव्हा मी गप्प बसलो.

त्या दिवशीपासून मी माझी पावडर बंद केली. कोणाला बोललो नाही. जेवण अर्धंच ठेवलं, चालणं तेवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाण्याआधी सवयीनं काट्यावर उभा राहिलो. मापाऱ्यानं आकडा पाहिला, खाली उतरवलं, परत चढवलं.

"काय गा, काटा बिघडला का?" मी विचारलं.

"काटा बरोबर हाय. तीन किलो वाढले तुमी."

"कसं वाढंल? तेच खातो, तेच चालतो."

"मंग बदललं काय?"

"पावडर नाही घेतली दोन दिवस."

मापारी समोरच्या सोयाबीनच्या ढिगाकडे गेला, मूठभर दाणे उचलून माझ्या हातावर ठेवले. ओले होते. "हे पाहा साहेब. याले दोन दिवस उन्हात पसरवा, वजन घटते. म्हणजे का दाणे कमी झाले? ओलावा गेला, माल तेवढाच. आन पाणी मारलं का पुन्हा वजन. तुमची चरबी जागच्या जागी हाय. तुमचं पाणी काढून राहिला तो पावडरवाला."

मी दाणे तसेच मुठीत धरून उभा राहिलो. ठाण्यात खबरी येतात, टीप देतात, आपण पैसे देतो. एवढी पक्की टीप मला कोणी दिली नाही, तीही फुकट.

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "त्या पावडरीत लघवीचं औषध असावं. मी पण घेत होतो. मला दिवसात सात-आठ वेळा जावं लागायचं." ते म्हणाले, "हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं काका." पुढचं त्यांनी लगेच हाती घेतलं. दुपारपर्यंत ठोके ताळ्यावर येऊ लागले.

ठाणेदार साहेबांना मी पावडरीची हकिगत सांगितली, डबा मी दिला आणि मीही ती खात होतो एवढं सोडून. त्यांनी स्टेशन डायरीला नोंद घेतली, अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांना कळवलं आणि दुकानदाराला चौकशीला बोलावलं.

चौकशीत हात उगारून काही होत नाही. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, खरं बोलत नाही. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. तास-दीड तास तो ऋषिमुनींच्या गोष्टी सांगत होता. मी ऐकून घेतल्या. मग त्याचाच डबा उघडला, पेल्यात पाणी घेतलं, दोन चमचे टाकून ढवळलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. घे म्हणालो नाही. नुसतं विचारलं, "तू रोज किती घेतो?"

तो हसला. "मले नाही चालत साहेब. माझं बीपी लो राहते."

"बरं. मेथी-ओव्यानं बीपी कमी होते का?"

तो हसता हसता थांबला. पेल्याकडे पाहत राहिला. मी काहीच बोललो नाही. चौकशीत गप्प बसणं फार कमी लोकांना जमतं. शेवटी त्याने विचारलं, "कोणी मेलं का साहेब?"

"अजून नाही."

तेव्हा तो बोलला. लघवीच्या गोळ्या घाऊक आणायचा, घरच्या मिक्सरमध्ये मेथीसोबत दळायचा. "गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यातच काट्यावर उभं राहते साहेब. त्या आठवड्यात उतरलं नाही तं परत येत नाही. म्हणून टाकलं. पुढचं तं त्यायच्या चालण्यानं होतेच." निरीक्षक आणि दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. मिक्सरच्या पात्याखाली पांढरी भुकटी होती आणि कणकेच्या पिंपात गोळ्यांची रिकामी पाकिटं. नमुने सीलबंद झाले. पुढं तपासणीच्या अहवालातही तेच आलं.

सहाव्या दिवशी बहिणीला घरी सोडलं. त्या दुपारी मी तिच्याजवळ बसलो तेव्हा ती बोलली. "तू एक चमचा म्हणला होता. मी दोन घेत होती. गुडघ्यानं चालणं होत नव्हतं ना, म्हणून चालण्याच्या बदल्यात एक जास्त." मग ती हळू म्हणाली, "डबा मी बाजारातून आणला, असंच सांगीन मी. तुही दोन वर्सं रायली नोकरीची. काहून हसं करून घेतं?"

सोपं होतं ते. तिनं तसा जबाब दिला असता तर कोणी खोदलं नसतं. पण दुकानात तिला कोणी पाहिलं नव्हतं. कोर्टात वकिलानं एकच प्रश्न विचारला असता, की बाई, दुकान कुठं आहे, आणि तिच्या जिवावर बेतलं तो भागच केसमधून गळून पडला असता. मी तपासात अशी किती तरी प्रकरणं पाहिली, जिथं घरच्यांनी मायेपोटी एक खोटं जोडलं आणि खरं सगळं त्याच्यासोबत वाहून गेलं.

संध्याकाळी ठाणेदार साहेबांपुढे उभा राहिलो. सगळं सांगितलं. ते चिडले. "तुम्ही साक्षीदार आहात, आणि चौकशीला तुम्हीच बसलात?" मी म्हणालो, "चूक झाली. कागद तुमच्याकडे घ्या. माझा जबाब लिहा." त्यांनी कागद स्वतःकडे घेतले आणि माझा जबाब नोंदवला. डबा मी दिला. मी स्वतः खात होतो. डॉक्टरांना पहिल्या दिवशी मी खोटं बोललो. चौतीस वर्षांत हजारो लोकांच्या सह्या घेतल्या, त्या कागदावर माझी सही करताना मला जड गेलं. लिहिणारा शिपाई खाली मान घालून होता. हसला नाही, ते बरं केलं त्यानं.

लोक अजून मला विचारतात, काका, वजनाची पावडर घ्यावी का? मी तज्ज्ञ नाही. त्या डॉक्टरांनी मला जे सांगितलं तेच सांगतो. कमी खाणं आणि चालणं हेच काम करतात. एखाद्या चांगल्या पावडरीनं त्यात थोडीफार भर पडली तर पडते, तीही डॉक्टरांना विचारून घ्यावी. आठवड्यात चार किलो उतरवणारा डबा दिसला, की त्यात न सांगितलेलं काहीतरी आहे असं समजावं. आणि चालण्याच्या बदल्यात चमचा, हा सौदा कधी करू नये. पावडर सोडल्यावर माझं वजन महिन्याला किलो-दीड किलोनं उतरलं. साहेबांच्या मुदतीत दहा पुरे झाले नाहीत. नोकरीचं शेवटचं दीडेक वर्ष मी मुद्देमालाच्या खोलीत काढलं. तो डबाही तिथंच होता, सीलबंद, माझ्याच ताब्यात. रोज दिसायचा.

पण मला धडा मिळाला तो वजनाचा नाही. खोटं पकडणाऱ्याला वाटतं आपण खोट्याच्या बाहेर उभे आहोत. तसं कोणी नसतं. मी माझी इज्जत राखायला तीन दिवस गप्प बसलो, आणि ते तीन दिवस माझ्या बहिणीच्या जिवावर बेतले असते.

जबाब दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं बाळापूरकडे गेलो. बहीण ओट्यावर बसली होती. म्हणालो, "चाल. डॉक्टरनं विहिरीपर्यंत चालायले सांगतलं."

ती काठी घेऊन उठली. दहा पावलं गेल्यावर म्हणाली, "जबाबात काय सांगतलं?"

"डबा मी दिला म्हणून सांगतलं."

ती थांबली. "आयकत नाही तू कोणाचं. आता कोर्टात सारे हसतीन तुले."

"हसू दे. तू चाल."

ती पुटपुटत चालू लागली. मी तिच्या पावलाला पाऊल जुळवलं. विहिरीच्या काठावर तिला बसवलं, तिची धाप थांबू दिली, आणि मग दोघं परत फिरलो.