हेदवाडी इथे नाही

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्यात दैनिकाच्या कचेरीत पान लावत होतो. फोन त्यांच्या मुलाचा, सुनीलचा होता. "दादा, आण्णा गेले. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले, आनि..." यशवंतमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. भोर तालुक्यात हिर्डोशीच्या बाजूला एकतीस वर्षं टपाल वाटून ते निवृत्त झाले होते. मी संध्याकाळी पोहोचलो, दोन दिवस राहिलो, परत आलो. चौथ्या दिवशी मला एक मेल आला. 'यशवंत, हेदवाडी ही जागा इथेच आहे का? तुमचं उत्तर इतरांच्या उपयोगी पडेल.' खाली तीन बटणं होती : हो, नाही, माहीत नाही. पाठवणारं होतं नकाशाचं ॲप, जे बघत बघत आपण अनोळखी गावात शिरतो. मामा नाहीत हे त्याला कोणी कळवलं नव्हतं. कळवायचं कुठे, हे मलाही माहीत नव्हतं.

मेल माझ्याकडे येण्याचं कारण साधं होतं. निवृत्तीनंतर सुनीलने मामांना मोबाईल घेऊन दिला. ॲपवर खातं उघडायला मेलचा पत्ता लागतो आणि मामांचा तो नव्हता. "तुजाच दे की," ते मला म्हणाले. "माजी पत्रं आली तर वाचून दाखव." खातं यशवंत या नावाने उघडलं आणि त्याचा पत्रव्यवहार माझ्याकडे येऊ लागला. हे ॲप वापरणाऱ्यांना सारखे प्रश्न विचारतं. हे दुकान उघडं आहे का, इथे गाडी लावायला जागा आहे का... माझ्यासारखे लोक असले प्रश्न बोटाने बाजूला सारतात. मामा एकूणएक प्रश्नाचं उत्तर देत. "त्यानं इचारलंय. गप बसलं तर बरं दिसंल का?" हे त्यांचं म्हणणं. एकदा रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलाबद्दल विचारणा आली : इथे चाकाच्या खुर्चीवरून आत जाता येतं का? मामा तिथे गेले आणि त्यांनी वितीने पायरी मोजली. हॉटेलवाल्याने विचारलं, "पोस्टमनदादा, पायरी कुनाला पायजे?"

"कंपनी इचारतीय."

"मंग कंपनीला म्हनावं, ये आनि फोड."

मामांनी 'नाही' हे बटण दाबलं आणि चहा पिऊन घरी आले. महिनाअखेरीस आलेला आभाराचा मेल मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. पलीकडून प्रश्न आला, "त्यो बसतो कुठं?" मी सांगितलं की तिथे माणूस नसतो, सगळं यंत्र करतं. मामांनी लगेच विचारलं, "मंग 'धन्यवाद, यशवंत' असं कोन म्हनतं?" बातमीदाराने विचारावेत तसे प्रश्न ते मला विचारत. नकाशावर मोठी गावं आहेत, डोंगरातल्या वाड्या नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. आठवडाभरात त्यांनी सात वाड्या घातल्या. त्या कुठे घातल्या, हे मी विचारलं नाही. बातमीतला ठावठिकाणा तपासणं हे माझं रोजचं काम, तरी विचारलं नाही.

चूक उघडी पडली ती पुढच्या वर्षी. हेदवाडीच्या सीताबाईंच्या सुनेला दिवसाउजेडी कळा सुरू झाल्या. शाळेच्या पायरीवर तेवढा फोन लागतो, तिथून रुग्णवाहिका बोलावली. ती निघाली, वेळेत आली आणि रस्त्यालगतच्या पिठाच्या गिरणीपाशी उभी राहिली, कारण नकाशात हेदवाडी तिथे होती. वाडी तिथून तासभराच्या चढावर आहे. वर जायला पुलापासून मातीचा रस्ता झालेला आहे, गाडी थेट शाळेपर्यंत जाते. पण ते चालकाला सांगणार कोण? वाडीतल्या घरांमध्ये फोनला रेंज नसते. गाडी दिसेना म्हणून शेवटी चौघांनी खुर्चीला बांबू बांधले आणि बाईला पायवाटेने गिरणीपर्यंत उतरवलं. भोरला बाळंतपण नीट झालं. आठ दिवसांनी सीताबाई दळायला खाली आल्या तेव्हा मामा गिरणीत बसले होते. त्या म्हणाल्या, "पोस्टमनदादा, आमची वाडी गिरणीत कवा ऱ्हायला आली?"

मामांनी त्याच दुपारी मला फोन केला. सातही वाड्या त्यांनी गिरणीवरच घातल्या होत्या. मी कारण विचारलं. त्यांनी ते सरळ सांगितलं. मंगळवारी आणि शुक्रवारी ते गिरणीत टपाल घेऊन बसत, वाड्यांवरचे लोक दळण घेऊन येत आणि जाताना पत्रं नेत. "पत्ता म्हंजे काय रं? जिथं मान्साच्या हातात पत्र पडतं ती जागा. सात वाड्यांची पत्रं हितंच पडली." मग म्हणाले, "एकतीस वर्षांत वर कवा गेलोच न्हाई म्या."

त्या हिवाळ्यात ते वर गेले. गुडघा दुखत होता, तरी एकेका वाडीवर चढले, वाडीच्या मधोमध उभे राहिले आणि तिथून नकाशावरची खूण हलवली. सहा वाड्यांची दुरुस्ती ॲपने मान्य केली. हेदवाडीची केली नाही. हेदवाडीजवळ धबधबा आहे. पावसाळ्यात पुण्याहून येणाऱ्या गाड्या नकाशा बघत गिरणीपाशी पोहोचत आणि 'हीच हेदवाडी का?' या ॲपच्या प्रश्नाला ते लोक 'हो' म्हणून मोकळे होत. त्यांना तरी कुठे माहीत होतं? इतक्या होकारांपुढे मामांचा एक नकार टिकत नव्हता. त्यांनी शाळेचा फोटो पाठवला, देवळाचा पाठवला, सीताबाईंना उभं करून त्यांचाही पाठवला. उत्तर तेच : माहितीची खातरजमा होऊ शकली नाही. मी मदतीच्या पानावर दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा सहभागाबद्दल आभार आले. "तुमच्या पेपरात चूक झाली तर काय करता?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो. "आनि ती वाचतं कोन?"

चौथ्या दिवशीच्या त्या मेलवर कचेरीत बसून 'नाही' दाबणं सोपं होतं. पण ते मामांच्या नावावर गेलं असतं, आणि हेदवाडी मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. रविवारी मामांच्या गावी जाऊन सुनीलची मोटारसायकल घेतली आणि मुद्दाम नकाशा सांगेल तसा गेलो. गिरणीपाशी फोन म्हणाला, तुम्ही पोहोचला आहात. समोर गिरणीच्या भिंतीवर निळ्या रंगात, सुट्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं :

'हेदवाडी इथे नाही. मोबाईलवर चूक आहे. ती माझी आहे. मागे फिरून पुलापासून मातीच्या रस्त्याने वर जावे. न समजल्यास फोन करावा.'

खाली मामांचं नाव, पोस्टमन (निवृत्त), आणि नंबर. हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. गिरणीवाला बाहेर आला. "दिवाळीत रंगवलं आण्णांनी. मी म्हनलं, चूक माजी कशाला लिवता, कंपनीची लिवा. तर म्हनले, कंपनी हितं आल्ती व्हय? म्या व्हतो हितं."

मागे फिरलो, पुलापासून वर गेलो. वाडी पंचवीस-तीस उंबऱ्यांची, उतरणीवर नाचणीची शेतं. सीताबाई अंगणात नातीला चालायला शिकवत होत्या. मी ओळख सांगितली. त्यांनी पाणी दिलं. "दादा वर आल्ते तवा पार गळाले व्हते. म्हनले, सीताबाई, पत्रासाठी रोज एवढं उतरायचा व्हय तुमी? म्या म्हनलं, पत्र यायचं कुठं रोज? दळनाला उतरायचो." त्या हसल्या, मग पदर सावरून नातीचा हात पुन्हा धरला. वाडीत रेंज फक्त शाळेच्या पायरीवर येते. तिथे उभा राहून मी माझ्या स्वतःच्या खात्यातून नकार नोंदवला, खूण शाळेवर आणली, फोटो जोडला. मामांच्या नावाने आलेला प्रश्न तसाच ठेवला. तो त्यांचा होता. हा मजकूर लिहीपर्यंत ॲपचं उत्तर आलेलं नाही.

दुपारी मामांच्या घरी परतलो. सुनीलने त्यांचा नंबर बंद करायचा अर्ज लिहून ठेवला होता, मी पुण्याला जाताना भोरला फोन कंपनीच्या दुकानात देऊन जावा म्हणून. जेवताना फडताळावरचा मामांचा फोन वाजला. सुनील उठणार तोवर त्याची बायको, रेखा, पिठाच्या हातानेच उठली. हात पदराला पुसून तिने फोन कानाला लावला. कोणी टेम्पोवाला होता, आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"भित्तीवर वाचलं न्हवं? मंग मागं फिरा," ती म्हणाली. "न्हाई, त्ये न्हाईत आता. मी सून त्यांची... असू द्या. तुमी गाडी वळवा आदी."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. सुनीलने ती उलटली. रेखाने फोन ठेवला नव्हता. ती दाराशी उभी राहून पलीकडच्या इंजिनाचा आवाज ऐकत होती.

"दिसला का पूल?" तिने विचारलं.

सुनीलने अर्जाचा कागद माझ्या ताटाशेजारून उचलला आणि त्याची घडी करून खिशात घातली.